पोळी-भाजी केंद्रासाठी सुरी कोणत्या पोलादाची?

नमस्कार काका,

कर्वेनगरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे, सात वर्षं झाली. हाताखाली दोन मावशी आहेत. रोज पंधरा-सोळा किलो भाजी चिरून होते, त्यात निम्मा कांदा-बटाटा. आमच्या सुऱ्या आठवड्यातच बोथट होतात. मुलाने वाढदिवसाला जपानी सुरी दिली. पात्यावर लाटांसारखी नक्षी आहे आणि ‘व्हीजी-१०’ असं कोरलंय. तीन आठवडे टोमॅटो नुसता टेकवला तरी कापला जायचा. मग एका सकाळी मावशींनी तिने तांबडा भोपळा फोडला आणि धारेचे दोन टवके उडाले, तांदळाच्या कणीएवढे. मुलगा म्हणतो, आता पावडर स्टीलची मागवू. मावशी म्हणतात, लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची करून घ्या, जन्मभर पुरेल. सासूबाई म्हणतात, विळीसारखं काही नाही. पण त्यांच्या विळीचं पातं लोखंडी आहे, त्यावर केळफूल चिरलं की काळं पडतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. सगळ्यात चांगलं पोलाद कोणतं ते एकदा सांगून टाका. आणि ती तुटकी सुरी टाकून द्यायची का?

– एक वाचक, कर्वेनगर

ताई,

सुरी टाकू नका, ती दुरुस्त होईल. कशी ते शेवटी लिहितो. आणि मावशींना बोल लावू नका. जे काम त्यांची जुनी सुरी सात वर्षं निमूटपणे करत आली, तेच त्यांनी हिला सांगितलं.

भोपळा फोडताना आपण काय करतो ते आठवा. सुरी अर्धी रुतते आणि अडकते. मग आपण मूठ डावी-उजवीकडे पिळतो आणि फोड ‘कर्र’ आवाज करून सुटते. सुरी सरळ खाली दाबली की पात्याची सगळी उंची तो जोर पेलते. पिळलं की तोच जोर आडवा होऊन धारेच्या कागदाएवढ्या पातळ कडेवर येतो. पोलाद मऊ असेल तर कड वाकते, दुमडते आणि मावशी म्हणतात ‘बोथट झाली’. पोलाद कडक असेल तर ते वाकत नाही, त्याचा टवका उडतो. म्हणजे तुमच्या जुन्या सुऱ्यांना आणि नव्या सुरीला झालेला मार एकच, फक्त दोघींनी तो वेगवेगळ्या तऱ्हेने सोसला.

माझी नोकरीची एकतीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या, भट्ट्यांपुढे गेली. ‘सगळ्यात चांगलं पोलाद कोणतं’ हा प्रश्न तिथे दर महिन्याला कुणीतरी विचारायचं. मी उलट दोन प्रश्न विचारायचो: कापायचं काय, आणि धार कोण लावणार? तुमच्या पत्रावरून पहिल्याचं उत्तर कळलं, तुम्हाला सगळंच कापायचं आहे. दुसऱ्याचं उत्तर पत्रात कुठेच नाही, आणि तुमची खरी अडचण तिथे आहे असं मला वाटतं.

आता पोलादाकडे येऊ. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. बांधकामाच्या सळईत तो पाव टक्क्याच्या आसपास असतो, सुरीत साधारण अर्ध्या टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंत. पातं लालभडक तापवून झटकन थंड केलं की कार्बन लोखंडात अडकून बसतो आणि पातं कडक होतं. आपले लोहार याला पाणी देणं म्हणतात. शब्द फार नेमका आहे, पुढे त्याच्यावर परत येतो. लोखंडात मावेल त्याहून कार्बन जास्त असेल तर उरलेला कार्बन लोखंडाशी आणि पोलादात घातलेल्या क्रोमियम, व्हॅनेडियम या धातूंशी जोडी जमवतो आणि बारीक, अतिशय कठीण खडे तयार होतात. त्यांना कार्बाइड म्हणतात. पेरू डोळ्यांसमोर आणा. गर म्हणजे पोलाद, बिया म्हणजे कार्बाइड. बिया झिजत नाहीत, म्हणून ज्या पोलादात बिया जास्त त्याची धार जास्त दिवस टिकते. पण धार जितकी पातळ कराल तितकी एकेक बी तिच्या मानाने मोठी होत जाते. गराने नीट धरली नाही तर ती निखळून येते आणि तिच्या जागी खड्डा राहतो.

कडकपणा मोजायची रीत बघण्यासारखी आहे. रॉकवेल नावाचं यंत्र असतं, त्याच्या टोकाला हिऱ्याचा बारीक सुळका. पातं खाली ठेवायचं, आधी दहा किलोचा भार द्यायचा, मग तो एकूण दीडशे किलोपर्यंत न्यायचा, आणि हिरा किती खोल रुतला त्यावरून तबकडीवर आकडा येतो. कमी रुतला की मोठा आकडा. चांगल्या कानशीचा आकडा ६५ च्या आसपास येतो. युरोपी पद्धतीच्या घरगुती सुऱ्या ५५ ते ५८, तुमच्या जपानी सुरीसारख्या ६० ते ६१. बाजारातल्या अगदी स्वस्त सुऱ्या मी मोजल्या तेव्हा कित्येक पन्नाशीच्या आतबाहेर निघाल्या. पाच-सहा आकड्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण हातात तो दिवस-रात्रीइतका जाणवतो.

व्हीजी-१० हे जपानच्या फुकुई भागातल्या ताकेफू कंपनीचं पोलाद. त्यात साधारण एक टक्का कार्बन, पंधरा टक्के क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, कोबाल्ट असतं. पोलाद म्हणून ते अतिशय चांगलं आहे. पात्यावरच्या लाटा त्याच्या नाहीत. त्या दोन्ही बाजूंना चढवलेल्या मऊ थरांच्या आहेत, धार फक्त मधल्या गाभ्याची असते. स्वस्त सुऱ्यांवर तर ही नक्षी नुसती लेझरने काढलेली असते, म्हणून नक्षी बघून कधीच सुरी घेऊ नका. या नक्षीला ‘डमास्कस’ म्हणतात तेव्हा मला आपल्या दक्षिणेतल्या कारागिरांची आठवण येते. मुशीत वितळवून केलेलं त्यांचं उक्कू पोलाद, ज्याला पुढे परदेशी लोक ‘वूट्झ’ म्हणू लागले, ते तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून बाहेर जायचं. त्याच्यावरची लाट वरून चढवलेली नसायची. थंड होताना आणि पुढे घडवताना आतल्या कार्बाइडच्या रांगा लागत आणि त्यातूनच ती उमटे.

स्टेनलेसबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या केंद्राला तेच लागणार आहे. पोलादात क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की त्याला स्टेनलेस म्हणायची पद्धत आहे. क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन वर एक अदृश्य पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद शोधत होते. १९१३ साली त्यांच्या हाती सुमारे तेरा टक्के क्रोमियमचं पोलाद लागलं. शेफील्ड मुळात सुऱ्यांचं गाव, त्यामुळे ते लगेच जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्यांत गेलं. पण तिथल्या मुरलेल्या कारागिरांनाही सुरुवातीला ते घडवणं आणि कडक करणं जमेना, कारण त्याला लागणारं तापमान त्यांच्या हाताला सवयीचं नव्हतं.

यात एक मेख आहे. जे क्रोमियम कार्बाइडच्या बियांमध्ये अडकतं ते पापुद्र्याच्या कामाला येत नाही. भोसरी-चिंचवडच्या प्रेस शॉपमध्ये डाय आणि पंच ज्याचे करतात ते डी-२ पोलाद घ्या. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. आकडे बघून कुणीही त्याला स्टेनलेस म्हणेल. पण त्याची सुरी ओली ठेवली की तांबूस ठिपके येतातच. हल्ली डी-२ च्या सुऱ्या बऱ्याच विकायला येतात. धार खूप टिकते, पण बिया मोठ्या, धार लावणं जिकिरीचं, आणि लिंबू-टोमॅटोच्या ओल्या ओट्यावर तिची काळजी घ्यावी लागते. केंद्रात ती नको.

अस्सल स्टेनलेसलाही मीठ सोसत नाही. लोणच्याच्या दिवसांत कैरी आणि मीठ लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये राहिली की सकाळी पात्यावर सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके दिसतात. ते वरचे डाग नसतात, खरेखुरे खड्डे असतात. धुतल्यावर लगेच पुसायची सवय मावशींना लावा, एवढ्यानेच सुऱ्यांचं आयुष्य वाढेल.

भांड्यांचं स्टीलही स्टेनलेसच, पण त्यात निकेल असतं आणि पाणी देऊन ते कडक होत नाही. डबे, पातेली, ताटं यांना ते उत्तम, धारेला निरुपयोगी. म्हणून दुकानात जाताना फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक खिशात टाका. पात्याला ते घट्ट चिकटलं पाहिजे. चिकटलं म्हणजे सुरी चांगलीच असं नव्हे, पण नाही चिकटलं तर ती हातातून खाली ठेवा.

आता पाण्याबद्दल. माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगतो. एका छोट्या कारखानदाराने सुऱ्यांची दोन गठ्ठे पाती आमच्याकडे कडक करायला पाठवली. एकाच पत्र्यातली, एकच रासायनिक दाखला. पहिला गठ्ठा ५६ आला, दुसरा ४९. शोधल्यावर कळलं की दुसऱ्या दिवशी आमच्या भट्टीचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं साधन, बिघडलं होतं. तबकडी हजाराच्या वर दाखवत होती आणि आत सत्तरेक अंश कमी होते. दुसरा गठ्ठा आम्ही नव्याने कडक करून दिला, पण त्याआधी मी दोन्हीतली एकेक सुरी घरी नेली. अगदी जुळ्या बहिणी, खूण केली नसती तर ओळखू आल्या नसत्या. दोन्हींना एकाच दगडावर एकाच हाताने धार लावली. ४९ वाली चौथ्या दिवशी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली. ५६ वाली महिना उलटला तरी सालीत शिरत होती. त्या दिवसापासून पोलादाचं नाव कुणी मोठ्याने सांगितलं की मी आधी विचारतो, पाणी कुणी दिलंय?

कमानपाट्याचं उत्तर यातच येतं. ट्रकच्या कमानीचा पाटा हे चांगलं पोलाद असतं. त्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असतो, बऱ्याचदा सिलिकॉन आणि मँगनीजही, आणि ते कमालीचं चिवट असतं. खड्ड्यांतून वर्षानुवर्षं माल वाहून न तुटलेलं. म्हणून कोयते त्याचे करतात आणि ते योग्यच आहे. साध्या कार्बनच्या या पोलादाला लोहार डोळ्याने पाणी देऊ शकतो. पातं केशरी-लाल झालं, लोहचुंबक चिकटायचं थांबलं, म्हणजे पावणेआठशे अंशांच्या आसपास आलं, की आणखी थोडं तापवून तेलात बुडवायचं आणि मग दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा हलकं शेकायचं. हे दुसरं शेकणं वगळलं तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं. लोहाराला आवर्जून विचारा, तो शेकतो का. आणि जुना पाटा वापरणार असेल तर त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, म्हणून शक्य तर नवा तुकडा मागा. मावशींचं ऐकाच. कमानपाट्याचा एक बसका, जाडसर कोयता करून घ्या आणि भोपळा, सुरण, फणस, नारळ सगळं त्याच्यावर सोपवा. रोजच्या कांद्याला मात्र तो नको, धार लवकर जाते आणि पातं जाड पडतं.

स्टेनलेसच्या सुऱ्या लोहाराकडून करून घेऊ नका. त्याला हजार अंशांच्या वर नेमकं तापमान काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, ते भात्याच्या भट्टीत डोळ्याने होत नाही. ते कारखान्याचं काम.

मुलाच्या पावडर स्टीलबद्दल. वितळलेल्या पोलादाची वायूच्या झोताने भुकटी करतात आणि ती उष्णतेत प्रचंड दाबाने एकजीव करतात. त्यामुळे बिया मोठ्या होत नाहीत, रवाळ राहतात आणि पातळ धारेतही टिकतात. २०२१ साली अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी मॅग्नाकट नावाचं पोलाद आणलं. त्यात क्रोमियमच्या बियाच राहू दिल्या नाहीत, सगळं क्रोमियम गंज रोखायला मोकळं. त्यामुळे क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या जेमतेम वर असूनही ते गंजाला डी-२ पेक्षा कितीतरी सरस आहे. आयुष्य भट्टीपुढे काढलेल्या माणसाला हे वाचून भरून येतं. पण तुमच्या मुलाला सांगा, अशा पोलादांत व्हॅनेडियमचे कार्बाइड असतात आणि ते धार लावायच्या नेहमीच्या दगडापेक्षा कठीण असतात. त्यांना हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. सायकलवर चाक फिरवत गल्लीतून जाणाऱ्या धारवाल्याच्या हातचं ते काम नाही. ज्या सुरीला तुमच्या घरात कुणी धार लावू शकत नाही, ती कितीही महाग असो, सहा महिन्यांनी ती बोथटच असणार.

म्हणून केंद्रासाठी माझं उत्तर असं. पात्यावर ‘एक्स ५० सीआर एमओ व्ही १५’ किंवा ‘१.४११६’ असं काही कोरलेल्या तीन सुऱ्या घ्या. हे जर्मन पद्धतीचं स्टेनलेस आहे. त्याचं नाव म्हणजेच त्याची पाककृती: ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ म्हणजे पंधरा टक्के क्रोमियम, मधे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम चिमूटभर. कार्बन बेताचा असल्यामुळे मोठ्या बिया नाहीत, क्रोमियम बहुतेक सगळं पापुद्र्याच्या सेवेत. पाणी नीट दिलं असेल तर ५५-५७ ला बसतं. व्हीजी-१० इतकी धार टिकणार नाही, पण पिळलं तर टवका उडणार नाही आणि दहा मिनिटांत धार परत येईल. दोन मावशी, सकाळची घाई, ओला ओटा, असं सगळं असताना याहून समजूतदार पोलाद मला माहीत नाही.

तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत सुरी हातात घेऊन बघा. नाव वाचा, चुंबक लावा आणि मग धारेच्या दिशेने डोळा लावून पात्याचा जाडपणा बघा. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते निम्मी सुरी इथेच ठरते. धारेच्या लगेच वर पातं किती पातळ आहे? घरी आणल्यावर एक जाड गाजर मधोमध कापा. सुरी तळाशी पोचायच्या आतच गाजर ‘कट्’ करून फुटलं तर पातं जाड आहे, ते पाचरीसारखं फाकवत जातंय. चिरलेला भाग ओलसर, गुळगुळीत आणि सुरी शेवटपर्यंत गप्प, तर पातं बरोबर आहे. जाड पात्याला कुठलंही पोलाद वाचवू शकत नाही. एक नमुना आणून गाजर कापून बघा, पटली तरच आणखी दोन घ्या.

धार आता तुम्हीच लावा. एक हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या आणि दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास द्या. मनापासून सांगतो, हे शिकायला दोन रविवार लागतात. दगड भिजवा, खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे सरकणार नाही. पातं साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे पंधरा मिलिमीटर उचला, म्हणजे वीस अंश झाले. जपानी सुरीला बारा मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढं, म्हणजे पंधरा अंश. एका बाजूने घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूच्या कडेवर बोटाला सूक्ष्म खरखर लागत नाही. कारखान्यात आम्ही तिला बर म्हणतो. ती टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे आली की बाजू बदला. शेवटी हात हलका करत करत बर काढून टाका. बर आली नाही तर धार लागलेली नाही, मग पातं कितीही चकचकीत दिसो. मधल्या दिवसांत जर्मन सुऱ्या धार सरळ करायच्या पोलादी कांडीवर चार-पाचदा फिरवल्या की दुमडलेली कड सरळ होते. जपानी सुरीला ती कांडी लावू नका, पुन्हा टवके उडतील. ओट्याच्या कडप्प्यावर सुरी घासायची जुनी सवय असेल तर ती सोडा. ग्रॅनाइटवर किंवा स्टीलच्या ताटात चिरणंही सोडा, आठवड्यात बोथट होण्याचं मोठं कारण ते असू शकतं. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा जाड पाट वापरा.

धारवाल्याकडे द्यायचीच झाली तर शेजारी उभे राहा. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ कड क्षणात तापते. साध्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग तीनशे अंशांच्या सुमाराला निळा. निळा दिसला की तिथलं पाणी उतरलं समजा. स्टेनलेसवर हा रंग आणखी उशिरा येतो, म्हणजे दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. दर फेरीला पातं पाण्यात बुडवायला सांगा. समजावून सांगितलं की बहुतेक धारवाले ऐकतात.

सासूबाईंच्या विळीबद्दल मला विशेष लिहायचं आहे. ते पातं बदलून स्टेनलेसचं बसवू नका. जुनी लोखंडी म्हणतात ती पाती साध्या कार्बनच्या पोलादाची, घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार घेणारी. विळीत पातं स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे राहतात, त्यामुळे पातं पिळलं जात नाही. टवका उडायची वेळच येत नाही. काळं पडण्याचं कारण सोपं आहे. केळफूल, कच्ची केळी, वांगं यांत तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाला भेटलं की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळा रंग करायचे, तीच ही किमया. अपाय काही नाही, पण गिऱ्हाईकाच्या डब्यात ते बरं दिसत नाही हे मान्य. तेव्हा केळफूल स्टेनलेसने चिरा आणि लगेच ताकाच्या पाण्यात टाका, कारण ते हवेनेही काळं पडतंच. विळीवर कोथिंबीर, गवार, भेंडी, कोबी चिरा, खवणीवर नारळ खवा. पात्यावर जी करडी-निळसर झाक येते ती घासून काढू नका, ती तांबड्या गंजाला अडवते. तांबडं दिसलं तर राख आणि काथ्याने घासा, कोरडं पुसा, खोबरेलाचं बोट फिरवा.

आता ती जपानी सुरी. टवके तांदळाच्या कणीएवढे, म्हणजे खोली मिलिमीटरभर असेल. चारशे नंबरचा दगड आणा. पातं जवळजवळ उभं धरून, धार दगडावर टेकवून, हलक्या हाताने मागे-पुढे घासा. सुरीची धार आपल्या हाताने मारायची म्हणजे जिवावर येतं, पण टवक्यांचा तळ येईपर्यंत थांबू नका. उजेडात धरलं की कडेवर एक चमकती रेघ दिसेल. मग करंगळीएवढी पाठ उचलून दोन्ही बाजू आलटून पालटून घासा, ती रेघ पूर्ण नाहीशी होईपर्यंत. कडेच्या वरचा भागही थोडा झिजवा, नाहीतर पातं जाड राहील आणि गाजर फुटेल. नंतर हजार नंबरचा दगड, आणि असेल तर तीन हजारचा. दोन तास धरून चाला. मुलाला शेजारी बसवा, सुरी त्याने दिली आहे, पहिली बर त्याच्या बोटाला लागू दे.

ती सुरी मिलिमीटरभर अरुंद होईल, बाकी काही कमी होणार नाही. कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांच्यासाठी ती तुमच्या स्वतःच्या हातात ठेवा. मुठीवर लाल चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि वेगळ्या खुंटीला टांगा, म्हणजे सकाळच्या घाईत भोपळ्यासाठी ती मावशींच्या हाती लागणार नाही.